तान्ह्या बाळाला आणि चिमुरड्यांना घेऊन मध्ययुगीन छावणीत

पेनसिल्वेनियातल्या स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेक नावाचा एक तळ आहे. जुलै संपता संपता तिथं तंबूंचं शहर उभं राहतं आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिकतं. याला पेन्सिक म्हणतात. पहिलं पेन्सिक १९७२ मध्ये झालं. आता तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं जमतात. वेताच्या तलवारी आणि खरी चिलखतं घालून लढतात, हातमाग लावतात, चामडं शिवतात, जुन्या पाककृती रांधतात, रात्री शेकोटीभोवती गातात. हे सगळं चालवणारी संस्था म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम, सगळेजण तिला एससीए म्हणतात. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तिची सुरुवात झाली आणि सतरावं शतक उजाडण्याआधीचा काळ हे तिचं क्षेत्र.

न्यू जर्सीहून हा तळ गाडीनं सहा तासांच्या आसपास आहे. त्यामुळे एडिसन, पार्सिपनी, फिलाडेल्फिया या भागातल्या इतिहासवेड्या मराठी जोडप्यांच्या तो आवाक्यातला आहे. घरात बाळ आलं की यातली बरीच जण म्हणतात, "आता पाच-सहा वर्षं विसरायचं." मला हे पटत नाही. या छावण्यांत पाळण्यातल्या बाळापासून नातवंडांच्या आजोबांपर्यंत सगळे असतात आणि मुलांना तिथं मनापासून सामावून घेतात. फक्त एक गोष्ट आधी स्वीकारावी लागते: लग्नानंतरच्या मोकळ्या दिवसांत तुम्ही जसा मेळा अनुभवला, त्यात बाळ बसवता येत नाही. बाळाची झोप, भूक आणि सावली आधी ठरवायची, मेळा त्याभोवती आखायचा. पुढचं सगळं याच क्रमानं लिहिते आहे.

पहिला मेळा छोटा निवडा

पेन्सिकनं सुरुवात करू नका. एससीएचे स्थानिक गट गावोगाव आहेत आणि ते वर्षभर एका दिवसाचे कार्यक्रम घेतात. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. बाळाला शिंगांचा आवाज कसा वाटतो, अनोळखी गर्दीत ते झोपतं का, तुमची पिशवी कुठं कमी पडते, हे सगळं एका दिवसात कळतं, आणि चुकलं तर घर दीड तासावर असतं. त्यानंतर एका रात्रीची छावणी, मग शनिवार-रविवारची. पेन्सिक त्यानंतर, आणि तेही पहिल्या वर्षी पूर्ण दोन आठवड्यांसाठी नाही. चार-पाच दिवस पुरेत.

प्रत्येक गटात नवख्यांची काळजी घेणारी एक व्यक्ती नेमलेली असते. तिला बहुधा 'शॅटलेन' म्हणतात. तिला आधी पत्र लिहा आणि स्पष्ट सांगा: आमचं बाळ इतक्या महिन्यांचं आहे, आम्ही पहिल्यांदाच येतोय, शेजारी लहान मुलं असलेलं कुटुंब मिळेल का? आपल्याला मागायला संकोच वाटतो, पण इथं संकोच केला तर नुकसान तुमचंच. एवढी एक विनंती पुढच्या निम्म्या अडचणी मिटवते. या गटांकडे नवख्यांना उसने द्यायचे कपडेही असतात आणि त्यात मुलांच्या मापाचे एखाद-दोन असतातच, म्हणून तेही विचारून ठेवा.

अगदी नवजात बाळाला घेऊन तंबूत राहायला जाऊ नये, असं माझं मत आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तरी ती तातडीची बाब धरतात आणि लगेच डॉक्टरकडे न्यावं लागतं. शेतातल्या तळावरून ते करणं अवघड. दोन महिन्यांच्या लसी झाल्यावर, आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून मग ठरवा.

कागद

प्रवेशद्वारावरच्या नोंदणीच्या जागेला 'ट्रोल' म्हणतात, पुलाखाली बसून जकात मागणाऱ्या गोष्टीतल्या राक्षसावरून. चार वर्षांच्या मुलाला ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, रांगेतला अर्धा तास सुखाचा जाईल. अल्पवयीन मुलांसाठी वेगळा संमतीपत्राचा कागद भरावा लागतो. मूल आई-वडिलांऐवजी आजी-आजोबा किंवा मावशीबरोबर येणार असेल, तर वैद्यकीय उपचारांची लेखी परवानगी सोबत हवी. भारतातून आलेले आजी-आजोबा नातवंडाला सांभाळायला बरोबर येतात, तेव्हा तुम्ही लढाईच्या मैदानावर असाल तरी हा कागद त्यांच्या पिशवीत असू द्या. विम्याचं कार्ड, लसींची नोंद, अॅलर्जीची यादी आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ताही कागदावर छापून ठेवा, कारण फोनला रेंज मिळेलच असं नाही.

तंबू कुठं आणि कसा

जागा निवडताना तीन गोष्टींपासून लांब राहा: मुख्य रस्ता, मोठी शेकोटी आणि पाणी. मुख्य रस्त्यावर दिवसभर माणसं, सामानाच्या गाड्या आणि धूळ. मोठ्या शेकोट्यांजवळ मध्यरात्र उलटेपर्यंत ढोल. आणि तळ्याकाठची जागा कितीही सुंदर दिसली तरी चालतं मूल सोबत असताना ती नकोच. शौचालय मात्र जवळ हवं, पण वास येणार नाही इतकं दूर. वाऱ्याची दिशा पाहून ठरवा.

जुन्या पद्धतीचा सुती कॅनव्हासचा तंबू देखणा असतो, आत उभं राहून बाळाचे कपडे बदलता येतात. त्याला ताणाचे दोर आणि खुंट्या मात्र खूप. रांगतं मूल खुंटीवर आपटतं, पळतं मूल दोरात अडकतं. प्रत्येक खुंटीवर जुना टेनिस चेंडू चिरून बसवा आणि दोरांना गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. रात्री तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

साधा नायलॉनचा तंबू असला तरी कोणी नावं ठेवणार नाही, पण तो सकाळी आठ वाजताच तापतो. दुपारी कुठल्याही बंद तंबूत बाळाला झोपवू नका. बाहेर बरी हवा असली तरी आत भट्टी होते. तंबूशेजारी चारी बाजूंनी उघडं छत उभारा, दुपारची झोप तिथं. छताखाली एक साधा थर्मामीटर टांगून ठेवा, अंदाजावर जाऊ नका.

रात्र

पश्चिम पेनसिल्वेनियात ऑगस्टच्या दिवसा तीस अंशांच्या आसपास ऊन असतं आणि पहाटे चांगलीच थंडी पडते. गवतावर दव इतकं की चपला भिजतात. या फरकाला नवखे फसतात. बाळाला पांघरुणांच्या थरांत गुंडाळायचा मोह होतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काहीच नको. अंगात घालायची झोपेची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक, आणि आत एक उबदार झबलं, एवढं पुरतं. बाळाला पाठीवर झोपवा, घट्ट आणि सपाट तळाच्या घडीच्या खाटेत. हवा भरलेल्या गादीवर तान्ह्या बाळाला स्वतःशेजारी घेऊन झोपू नका. गादी दबते, बाळ घरंगळतं आणि त्याचं नाक दबू शकतं. खाटेवर बारीक जाळीची मच्छरदाणी बाहेरून ताणून बसवा, आत लोंबकळू देऊ नका.

झोळीबद्दल. आजी सोबत असेल तर तंबूच्या आडव्या दांड्याला साडीची झोळी बांधायची कल्पना हमखास निघते. तंबूचे खांब कापडाचं वजन पेलायला असतात, हेलकावे सोसायला नव्हे. एक खांब सरकला की अख्खा तंबू खाली येतो. आजींना आधीच प्रेमानं सांगून ठेवा.

तंबूच्या आत ज्योत नाही, ही मी सगळ्यात कडक पाळायची गोष्ट मानते. मेणबत्ती नाही, गॅसचा हीटर नाही, आणि निखाऱ्यांची शेगडी तर मुळीच नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद तंबूत तो झोपेतच जीव घेतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी वायू निघतच राहतो. प्रकाशासाठी बॅटरीवरचा कंदील वापरा. कागदाच्या किंवा शिंगाच्या आवरणाखाली तो सुंदरही दिसतो.

ढोल आणि आरोळ्यांसाठी बाळाच्या कानांवर बसणारे मऊ कर्णरक्षक घ्या आणि घरीच दोन-चार दिवस घालून सवय करा. ते फिरताना आणि लढाईजवळ वापरायचे, झोपवताना काढायचे. रात्री पंख्याचा एकसुरी आवाज लावला तर दूरचे ढोल बुडून जातात.

कपडे: इथं मराठी घर पुढे आहे

एससीएच्या कार्यक्रमात सतराव्या शतकाआधीच्या पोशाखाचा निदान प्रयत्न तरी हवा, अशी अपेक्षा असते. त्याला तिथं 'गार्ब' म्हणतात. मुलांच्या बाबतीत लोक फार उदार असतात, पण खरं सांगायचं तर मुलांचा गार्ब करणं मोठ्यांपेक्षा सोपं आहे.

मध्ययुगीन युरोपातल्या लहान मुलाचा पोशाख म्हणजे सरळ कापडाच्या तुकड्यांचा, बाजूला कळ्या घातलेला, डोक्यातून घालायचा झगा. ज्याला झबलं बेतता येतं त्याला तो बेतता येतो. जुनी धुऊन मऊ झालेली सुती साडी, धोतर किंवा लिननची चादर घ्या. छाती आणि खांद्यासाठी एक लांब आयत, बाह्यांना दोन आयत, बगलेत हालचालीसाठी छोटा चौकोन, खाली दोन कळ्या. खाली चार बोटं दाब सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच झगा उतरवून वापरता येईल. रांगणाऱ्या बाळाचा झगा मात्र गुडघ्यांच्या वरच हवा, नाहीतर ते स्वतःच्याच झग्यावर गुडघा ठेवून तोंडावर पडतं. डोक्याला हनुवटीखाली बांधायची लिननची टोपी तेव्हाच्या चित्रांत सर्रास दिसते. आपलं टोपडं तिथं अगदी शोभतं. झोपताना मात्र ते काढून ठेवायचं.

कापड सुती, लिनन किंवा लोकरीचंच हवं. एक तर ते हवा खेळू देतं, आणि दुसरं म्हणजे ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. दिवसाला तीन जोड धरून चला. पायात साधे आजचेच बूट घाला. मुलांच्या बुटांकडे कोणी पाहत नाही, आणि खडीच्या रस्त्यावर अनवाणी चालवण्यासारखं काही नाही.

युरोपातलंच व्हायला हवं असंही नाही. दख्खनमधलं कुटुंब म्हणून आलात तर स्वागतच होतं. देवगिरीच्या यादवांचा काळ अगदी बसतो. निजामशाही १४९० मध्ये सुरू झाली, आणि १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी काळमर्यादेच्या आत येते. एखाद्या सहा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा, ती आठवडाभर त्या रुबाबात वावरेल. मावळा व्हायचा हट्ट मात्र इथं काळात बसत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे एससीएच्या मर्यादेपलीकडचा. मुलाला हे आधीच समजावून सांगा, ऐनवेळी फेटा उतरवायला लावू नका. त्या कपड्यांसाठी शिवजयंती आहेच.

पायात घुंगरू किंवा पैंजण घालणं खरोखर उपयोगी. अंधारात, तंबूंच्या गल्ल्यांत मूल कुठं आहे ते कानाला कळतं. घुंगरू पक्के शिवलेले हवेत. सैल झालेला एक घुंगरूही घशात अडकू शकतो. रात्री ते काढून ठेवा.

काय खाऊ घालायचं

अंगावर पिणाऱ्या बाळाचं सगळ्यात सोपं. उघड्यावर दूध पाजणं अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायद्यानं मान्य आहे, आणि या छावण्यांत तर कोणी मान वळवून पाहत नाही. पुढून नाडीनं बांधायचा झगा शिवलात तर पाजणं सोपं जातं. उन्हात आईला नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी द्यायचं नाही, कितीही उकाडा असला तरी. जास्त वेळा पाजायचं, इतकंच. काढून ठेवलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, आणि बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या कूलरमध्ये चोवीस तास. छावणीची दुपार २५ अंशांच्या वर जाते, हे लक्षात घेऊन ते थेट कूलरमध्येच ठेवा.

वरचं दूध असेल तर पावडरपेक्षा तयार द्रव फॉर्म्युल्याच्या छोट्या बाटल्या न्या. महाग पडतात, पण पाणी उकळणं, निर्जंतुक करणं हा ताप वाचतो. पावडर कालवलीत तर दोन तासांत संपवा, आणि बाळानं तोंड लावल्यावर तासाभरात उरलेलं फेकून द्या. दुधाचा कूलर वेगळा ठेवा. मोठ्यांच्या सरबताच्या कूलरची झाकणं दिवसभर उघडत असतात आणि बर्फ दुपारपर्यंत वितळतो.

सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी मराठी स्वयंपाकघराला तोड नाही. नाचणीचं सत्त्व, भाजून दळलेलं तांदूळ-मुगाचं पीठ, मेतकूट, तूप यातलं काहीच शीतपेटीत ठेवावं लागत नाही आणि एका पातेल्यात दहा मिनिटांत शिजतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मऊ खिचडी. गंमत अशी की मुगाची बिनतिखट खिचडी काळालाही धरून आहे. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली, बटाटा-टोमॅटो त्यानंतर रुळले. शेजारच्या तंबूतले लोक वाटी घेऊन चव बघायला येतात.

आता मेजवानी. एससीएच्या मोठ्या पंगतींना आपली ताटं-वाट्या आपण आणायच्या असतात. मुलासाठी लाकडी वाटी आणि चमचा न्या, मातीचं भांडं फुटतं. पण ताटात काय येतं ते नीट बघा. जुन्या युरोपी स्वयंपाकात मध भरपूर. पोळ्यांत, गोडात, मांसाच्या रस्स्यातसुद्धा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्यांना बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि साध्या शिजवण्यानं ते बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडे मध चाटवायची रीत आहे, म्हणून आजी-आजोबांना हे वेगळं सांगावं लागतं. दुसरं, बदाम. उपासाच्या दिवसांत दुधाऐवजी बदामाचं दूध वापरायची तेव्हा पद्धत होती, त्यामुळे पांढऱ्या दिसणाऱ्या कुठल्याही पदार्थात बदाम असू शकतो. मुलाला सुक्यामेव्याची अॅलर्जी असेल तर पंगतीच्या मुख्य आचाऱ्याला आधी गाठा. घटकांची यादी बहुतेक ठिकाणी मागितली की मिळते. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं नकोत. आणि 'मीड' म्हणजे मधाची दारू, तिचे पेले खालीच ठेवलेले असतात. गवतावर फिरणाऱ्या मुलाच्या हातात ते सहज येतात.

ऊन, डास आणि गोचीड

सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे. त्यापुढच्या मुलांना सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. लघवीचे लंगोट कमी ओले होऊ लागले, मूल सुस्तावलं किंवा रडताना अश्रू येईनासे झाले तर खेळ थांबवा, सावलीत न्या, पाजा आणि प्रथमोपचार केंद्र गाठा.

डासांसाठी डीट असलेलं औषध दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही. त्यांना मच्छरदाणीच. लिंबूगंधी निलगिरीचं तेल असलेली औषधं तीन वर्षांखाली नकोत. कापराची पुडी बाळाच्या कपड्यात बांधायची सवय काही घरांत असते. ती इथं कृपा करून टाळा. कापूर तोंडात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

खरी काळजी गोचिडाची. पेनसिल्वेनियात गोचीड चावल्यानं होणाऱ्या लाइम आजाराचे रुग्ण खूप आढळतात. काळ्या पायांची गोचीड उंच गवतात आणि रानाच्या कडेला असते आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. निघण्याआधी कपड्यांना आणि तंबूच्या दाराला परमेथ्रिन फवारून पूर्ण वाळवा. हे कापडाचं औषध आहे, कातडीला लावायचं नाही. मुलांना उंच गवतात आणि झाडीच्या कडेला खेळू देऊ नका, वाटेच्या मधून चालवा. आणि रोज संध्याकाळी, कपडे बदलताना, विजेरी घेऊन अख्खं अंग तपासा: केसांत, कानांमागे, बगलेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यांमागे, लंगोटाच्या कडेला. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा. तूप, व्हॅसलीन, जळती काडी यातलं काही नको. साधारणपणे लाइमचे जिवाणू अंगात जायला गोचीड चोवीस तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी हाच सगळ्यात मोठा बचाव.

शेकोटी

रात्रीच्या शेकोटीजवळ सगळे सावध असतात. धोका सकाळी असतो. वर राख पांढरी, थंड दिसते आणि खाली निखारे तसेच. लवकर उठलेलं मूल अनवाणी त्यात पाय घालतं. म्हणून झोपण्याआधी पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत. शेकोटीभोवती सुतळीचं रिंगण घाला आणि मुलांसाठी एकच नियम ठेवा: रिंगणाच्या आत फक्त मोठ्यांचा हात धरून. चालायला लागलेल्या मुलालाही हे दोन दिवसांत कळतं, कारण रिंगण डोळ्यांना दिसतं. नुसतं "जवळ जाऊ नकोस" याचा त्याला अर्थ लागत नाही.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. म्हणून शेकोटीशेजारी नेहमी भरलेली बादली आणि नळी असलेला पाण्याचा कॅन असू द्या.

लढाई बघताना

लढाया पाहणं मुलांना फार आवडतं. पण आधी घरी एक काम करा. बाबा लढणार असतील तर लेकरासमोर हळूहळू चिलखत चढवा, शिरस्त्राण घाला, काढा, परत घाला. नाहीतर लोखंडी तोंड घेऊन आवाज काढणारा बाबा पाहून मूल किंचाळतं, आणि पुढचे दोन दिवस बाबाकडे जात नाही.

मैदानाच्या दोरीपासून बरंच मागे बसा. मोठ्या लढायांत बोथट बाण सुटतात आणि ते दोरी ओळखत नाहीत. पळत येणारा, चिलखतातला शंभर किलोचा माणूस तोल जाऊन बाहेर येतो. धनुर्विद्येच्या आणि कुऱ्हाडी फेकायच्या मैदानांवर तर मूल कडेवर किंवा हात धरूनच. 'होल्ड' ही आरोळी ऐकली की तिथं सगळे जागच्या जागी थांबतात, कारण कुणीतरी धोक्यात असतं. तीन वर्षांच्या मुलालाही हा शब्द शिकवता येतो. घरी अंगणात पळापळीचा खेळ खेळा, "होल्ड!" म्हटलं की पुतळा. हा खेळ खरोखर जीव वाचवणारा आहे आणि मुलं तो आनंदानं शिकतात.

स्वतः लढायची हौस असलेल्या मुलांसाठी मऊ आवरणाच्या शस्त्रांची वेगळी लढत असते. साधारण ६ वर्षांपासून वयोगट सुरू होतात. त्याआधी घरीच फोमची तलवार पुरे.

हरवलं तर, आणि कोणाच्या भरवशावर सोडायचं

मुलाच्या मनगटावर कापडी पट्टी शिवा. आत पक्क्या शाईनं तुमचा फोन नंबर आणि छावणीतल्या गटाचं नाव लिहा. मुलाचं नाव बाहेरून दिसू देऊ नका. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांतला मुलाचा फोटो काढा. मुलाला शिकवा: हरवलास तर जिथं आहेस तिथंच थांब, दुकानात बसलेल्या मावशीला सांग. पेन्सिकचा बाजार मोठा आहे आणि दुकानदार एका जागी असतात, हे फार सोयीचं.

मुलांसाठी कार्यक्रम असतात: गोष्टी, रंगकाम, ढाली बनवणं. एससीएच्या नियमाप्रमाणे अशा उपक्रमात एकमेकांशी नातं नसलेले निदान दोन प्रौढ हजर असावे लागतात. ते पाळणाघर नव्हे, अगदी लहान मुलांसोबत पालकानं थांबायचंच असतं. दिवसभर गोड वाटलेल्या नव्या ओळखीच्या माणसाकडे मूल सोपवून जाऊ नका. आधीपासून ओळखीचं दुसरं कुटुंब असेल तर पाळी लावा.

उरलेलं थोडक्यात

बाबागाडीची लहान चाकं खडीत रुततात. रुंद चाकांची ओढायची गाडी, वर कापडी छत, हे तिथं बहुतेक कुटुंबं वापरतात, आणि दुपारची झोपही त्यातच होते. बाळाला अंगाला बांधत असाल तर त्याचं तोंड दिसत राहिलं पाहिजे आणि हनुवटी छातीत रुतायला नको. शौचालयं फिरती असतात, रात्री लहान मुलाला तिथं नेणं कठीण, म्हणून झाकणाचं पॉटी तंबूतच ठेवा. कापडी लंगोट धुवायची सोय अपुरी पडते. या आठवड्यापुरते टाकायचे लंगोट वापरा, घट्ट झाकणाच्या डब्यात जमवा आणि रोज कचऱ्याच्या ठिकाणी पोचवा. वीज कडाडू लागली की तंबू सोडून गाडीत बसा.

आई-बाबांनी दिवसाची वाटणी आदल्या रात्रीच करा, तोंडी नको, कागदावर. सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची, आणि ज्याची पाळी त्यानं पूर्ण पाळायची. एकाला लढायला मिळालं आणि दुसरीला दोन्ही दिवस तंबूतच बसावं लागलं, असं झालं की पुढच्या वर्षी कोणीच येत नाही. दोघांना मिळून बघायची एकच गोष्ट रोज निवडा, ती सकाळच्या गार वेळेतली असू द्या, आणि बाळ झोपलं नाही तर तीही सोडून द्यायची तयारी ठेवा.

परतीच्या दिवशी तंबू आवरताना मुलांना एका जागी ठेवणारं एक माणूस नेमा. खुंट्या उपटणं, दांडे उतरवणं, गाड्या मागे घेणं हे सगळं एकाच वेळी चालू असतं. घरी पोचल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाका, कारण कोरड्या उष्णतेनं गोचीड मरते. मग मुलांना आंघोळ घाला आणि पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासा. पुढचे तीस दिवस अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा किंवा कारण नसलेला ताप दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही पेनसिल्वेनियात गवतावर तंबूत राहून आलो आहोत.